रेडिओ सोडल्यावर: केंद्र गुपचूप करत होतं ती कामं आपल्या हातानं कशी करायची

रेडिओ केंद्रात वीस-तीस वर्षं काढलेल्या निवेदकाला एक गोष्ट सहसा नोकरी सुटल्यावरच कळते. माइकपुढे बोलत आपण होतो, पण निम्मं काम दुसरंच कुणीतरी उरकत होतं. टेपमशीनचं हेड इंजिनिअर पुसायचा, आवाजाची चढउतार प्रोसेसर सांभाळायचा, गाण्यांचे हक्क केंद्राच्या परवान्यात बसायचे, टेपेवरचं लेबल लायब्ररीत लागायचं. झोपायचं कधी आणि उठायचं कधी, हेसुद्धा ड्यूटीचार्ट ठरवायचा. सोडल्यावर ही सगळी कामं एकदम गळ्यात येतात, आणि त्यांची यादी कुणी हातात देत नाही.

शेवटच्या महिन्यात: कागद आणि इंजिनिअर

निरोपाच्या गडबडीत कागद राहून जातात. करार काढून तीन गोष्टी शोधा. पहिली, सोडल्यावर अमुक महिने त्याच प्रसारणक्षेत्रात दुसरीकडे आवाज द्यायचा नाही, असं बंधन आहे का. जुन्या करारांत पॉडकास्ट हा शब्द नसतो, ‘अन्य कोणतेही ध्वनिमाध्यम’ अशी मोघम ओळ असते. तिचा अर्थ आपल्या मनानं लावू नका, लेखी विचारून घ्या. दुसरी, प्रसारणातलं नाव. ते केंद्रानं ठेवलेलं टोपणनाव असेल तर ते पुढे वापरता येईल का, हेही लेखी हवं. तिसरी, कार्यक्रमांचे हक्क. पगारी नोकरीत केलेला कार्यक्रम साधारणपणे केंद्राचा असतो. करारावर काम करणाऱ्याचं त्या-त्या करारावर ठरतं. टेप आपल्या कपाटात आहे म्हणून हक्कही आपल्याकडे आहेत असं नसतं.

परवानगी मागायचीच तर ओळख ताजी असताना मागा. ‘माझे सगळे कार्यक्रम वापरू द्यावेत’ या पत्राला उत्तर येत नाही, कारण त्यावर सही करायची जबाबदारी कुणालाच नको असते. ‘सोबतच्या यादीतल्या १२ मुलाखती, गाणी वगळून, जाहिरातीविना, माझ्या पॉडकास्टवर’ असं लिहिलं की सही करणं सोपं जातं. यादीत प्रसारणाची तारीख, पाहुण्याचं नाव आणि लांबी द्या. गाण्यांच्या बाबतीत तर मनात शंकाच ठेवू नका: ती वाजवण्याचा परवाना केंद्राचा होता. तोच कार्यक्रम गाण्यांसकट इंटरनेटवर टाकला तर तो परवाना तुम्हाला लागू होत नाही. निवेदन आणि मुलाखत ठेवा, गाणी कापा.

कार्यालयीन ईमेल बहुतेक ठिकाणी शेवटच्या दिवशीच बंद होतो. त्यातले संपर्क त्याआधी उतरवून घ्या.

आणि इंजिनिअरला गाठून चार प्रश्न विचारा, कारण वर्षभरानं तोही निवृत्त झालेला असेल. कोणत्या वर्षापर्यंत स्पूलवर (उघड्या चकतीवर गुंडाळलेल्या टेपेवर) रेकॉर्डिंग व्हायचं? कोणत्या वेगानं: सेकंदाला साडेसात इंच की पंधरा? मशीन फुल ट्रॅक (टेपेच्या पूर्ण रुंदीवर एकच ध्वनी) होतं की हाफ ट्रॅक (अर्ध्या-अर्ध्या रुंदीवर दोन)? कॅसेटची प्रत काढताना डॉल्बी (खरखर कमी करणारी सोय) चालू असायचं का? या चार उत्तरांनी पुढची कित्येक दिवसांची चाचपड वाचते.

टेपांचा ढीग: आधी मोजा, मग निवडा

कपाटात साठ मिनिटांच्या २०० कॅसेट्स असतील तर नुसत्या वाजवायला २०० तास लागतात. साफसफाई, जोडणी, नावं लिहिणं धरून दुप्पट. रोज दोन तास दिले तरी २०० दिवस. हा हिशेब आधी मांडला नाही की उत्साहानं पहिल्या तीस कॅसेट्स होतात आणि उरलेल्या पुन्हा कपाटात जातात. सगळं वाचवायचा हट्ट नको. जे दुसऱ्या कुणाकडे नाही ते आधी: स्थानिक माणसांच्या मुलाखती, बाहेर जाऊन केलेली रेकॉर्डिंग, बोलीभाषेतली संभाषणं, पूर-निवडणुका-संप अशा दिवसांची थेट प्रसारणं. गाण्यांच्या कार्यक्रमाची टेप सर्वांत शेवटी. गाणी बाहेर मिळतात, मधलं तुमचं निवेदन हवं असेल तर दोन-चार नमुने पुरतात.

क्रम ठरवताना बहुतेक जण सर्वांत जुनी टेप आधी उचलतात. तिथे चुकतं. आधी उचला डॅट (डिजिटल ध्वनीची छोटी कॅसेट), मिनीडिस्क (कवचातली छोटी डिजिटल डिस्क) आणि घरी लिहिलेल्या सीडी. चुंबकीय टेप हळूहळू बिघडते: खरखर वाढते, वरचे सूर जातात, तरी बोलणं कळतं. डिजिटल माध्यम मात्र एका मर्यादेपर्यंत ठणठणीत वाजतं आणि मग एकदम तुटतं. शिवाय डॅट १९८७ साली आणि मिनीडिस्क १९९२ साली आली, आणि दोन्हींची यंत्रं बनणं केव्हाच बंद झालंय. चालू यंत्र मिळेल तोवरच ही कामं होतात. त्यानंतर व्हिनेगरचा वास येणारे स्पूल, मग कॅसेट्स. निरोगी पॉलिएस्टरचे स्पूल थांबू शकतात.

डॅट उतरवताना हेडफोनची वायर लावू नका. डिजिटल आउटपुटमधून डिजिटल इनपुटमध्येच घ्या, आणि संगणकाच्या ऑडिओ इंटरफेसचं (आवाज संगणकात घेणाऱ्या डबीचं) घड्याळ ‘एक्स्टर्नल’ वर ठेवा. ते आतल्या घड्याळावर राहिलं की दर काही सेकंदांनी बारीक ‘टिक’ ऐकू येते आणि माणूस टेपेला दोष देत बसतो. मिनीडिस्कचे बहुतेक प्लेअर आवाज फक्त वाजवून देतात, फाइल देत नाहीत. २००६ साली आलेलं सोनीचं एमझेड-आरएच१ हे यंत्र जुन्या मिनीडिस्कमधलं ध्वनिमुद्रणही यूएसबीनं संगणकात उतरवतं. ते उसनं मिळालं तर बरेच तास वाचतात. एक जपायचं: मिनीडिस्कवरची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग संपल्यावर लिहिली जाते. जुन्या डिस्कवर नवीन काहीही रेकॉर्ड करून बघू नका, आणि डिस्कच्या कडेची सरकपट्टी आधी अशी सरकवा की तिची खिडकी उघडी राहील, म्हणजे डिस्कवर लिहिलं जाणार नाही.

स्पूल हातात घेतल्यावर

आधी नाक वापरा. आंबट, व्हिनेगरसारखा वास म्हणजे ॲसिटेट या जुन्या प्रकारच्या प्लास्टिकची टेप कुजू लागली आहे. स्पूल दिव्यासमोर धरा. गुंडाळीतून उजेड आरपार दिसला तर ॲसिटेट, नाही दिसला तर बहुधा पॉलिएस्टर. ॲसिटेट कडक होऊन सरळ तुटते आणि म्हणून नीट जोडता येते. पॉलिएस्टर तुटण्याआधी ताणली जाते, आणि ताणलेला तुकडा परत मूळ लांबीवर येत नाही. वासाची टेप इतरांपासून वेगळी ठेवा, तिची वाफ शेजारच्या टेपेलाही खराब करते. कडेवर पांढरी-करडी बुरशी दिसली तर ती वाजवू नका. बुरशी मशीनभर पसरते आणि श्वासातही जाते. मास्क घालून ती बंद पिशवीत ठेवा आणि जाणकाराकडे द्या.

१९७० आणि ८० च्या दशकांतल्या, पाठीला काळा मॅट थर असलेल्या काही टेपांचा गोंद हवेतलं पाणी शोषून चिकट होतो. लक्षणं ठरलेली आहेत: वाजवताना किंचाळल्यासारखा आवाज, हेडवर तपकिरी चिखल, टेपेचा वेग मंदावणं. असं झालं की तत्क्षणी थांबवा. पुढे ओढाल तितका ध्वनी खरवडून निघेल. यावर उपाय म्हणजे टेप सुमारे ५४ अंश सेल्सिअसला आठ तास किंवा जास्त वेळ एकसारखं तापवणं. तितकाच वेळ ती थंड होऊ द्यायची आणि काही आठवड्यांच्या आत उतरवून घ्यायची, कारण हा गुण तात्पुरता असतो. घरातल्या ओव्हनमध्ये हे करू नका, त्याचं तापमान वीस-वीस अंशांनी वरखाली होतं. ॲसिटेट तर कधीच तापवायची नाही. थोडक्यात, हे काम यंत्रणा असलेल्याकडूनच करून घ्यावं.

वेळेचा अंदाज असा: सात इंची स्पूलवर साधारण १२०० फूट टेप असते. ती सेकंदाला साडेसात इंच वेगानं ३२ मिनिटं चालते, पंधरा इंच वेगानं १६. आवाज अर्ध्या वेगानं जाड आणि रेंगाळलेला आला तर मशीनचा वेग चुकलाय, टेप बरोबर आहे. एका कानात नीट बोलणं आणि दुसऱ्या कानात उलटं बोलणं ऐकू आलं तर घाबरू नका. ती दोन्ही बाजूंनी भरलेली हाफ ट्रॅक टेप तुम्ही स्टिरिओ हेडवर वाजवताय. उलट यात फायदाच आहे: एकदाच उतरवा, डावा भाग पहिली बाजू म्हणून ठेवा आणि उजवा भाग सॉफ्टवेअरमध्ये उलटवून दुसरी बाजू म्हणून.

जुने जोड सुटणारच. ब्लेडनं ४५ अंशांत कापून, टोकाला टोक भिडवून, पाठीच्या बाजूनं खास स्प्लायसिंग टेप लावा. कागदांना लावायची साधी चिकटपट्टी लावली तर तिचा डिंक कडेनं बाहेर येतो आणि वरचा-खालचा वेढा एकमेकांना चिकटतो.

कॅसेट: पेचाचा पाव फेरा

घरी सर्वांत जास्त असतात कॅसेट्स, आणि सर्वांत जास्त नुकसान होतं घाईनं. आधी मागच्या दोन खुंट्या तोडा, म्हणजे चुकून लाल बटण दाबलं तरी पुसलं जाणार नाही. वाजताना कुरकुरत असेल तर कॅसेट दोन्ही सपाट बाजूंनी तळव्यावर हलकेच आपटा, घट्ट बसलेले वेढे सैल होतात. टेपेच्या मागची फेल्टची गादी निखळली असेल तर आवाज विझल्यासारखा येतो. अशा वेळी पाच पेचांची एखादी फालतू कॅसेट उघडा, तिचं आतलं काढा आणि आपल्या टेपेची दोन्ही चाकं तिच्यात बसवा. पेच नसलेल्या, चिकटवलेल्या कॅसेटचं कवच सुरीनं फोडावं लागतं. ते हळू, जोडरेषेवरच, टेपेपासून लांबच्या कोपऱ्यातून सुरू करा. १२० मिनिटांच्या कॅसेटची टेप जेमतेम ९ मायक्रॉन जाड असते. ती वेगानं पुढे-मागे पळवू नका, साध्या वेगानंच चालवा.

यूएसबीची वायर असलेले स्वस्त छोटे प्लेअर टाळा. त्यांचा वेग डगमगतो आणि हेड नीट जुळवता येत नाही. चांगला जुना डेक घ्या, त्याचा पट्टा बदलून घ्या. हेड आणि कॅप्स्टन (टेप ओढणारी धातूची बारीक दांडी) ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजवलेल्या कापसाच्या काडीनं पुसा. टेप त्या दांडीवर दाबणारा रबरी पिंच रोलर मात्र ओलसर कापडानं, कारण अल्कोहोलानं रबर कडक होतं. पाच-सहा कॅसेट्सनंतर पुन्हा पुसा.

आता केंद्रातला इंजिनिअर न सांगता करत असे ते काम. हेडची उभी फट टेपेच्या चालीशी अगदी काटकोनात हवी. टेप ज्या यंत्रावर रेकॉर्ड झाली त्याचं हेड तुमच्या डेकच्या हेडपेक्षा केसभर वाकडं असेल, तर बोलणाऱ्याच्या तोंडावर उशी ठेवल्यासारखा आवाज येतो. लोक ‘टेप गेली’ म्हणून हळहळतात, आणि टेप ठीक असते.

डेकचं झाकण काढा. हेडच्या दोन बाजूंना दोन पेच दिसतील. ज्याच्याखाली स्प्रिंग आहे किंवा ज्यावर रंगाचा ठिपका आहे, तो जुळवणीचा पेच. मूळ जागेवर पेननं खूण करा. चुंबक न झालेला छोटा स्क्रूड्रायव्हर घ्या. कॅसेट लावा, दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनोमध्ये हेडफोनवर ऐका आणि बोलण्यातल्या ‘स’ आणि ‘श’कडे कान द्या. पेच एका बाजूला अगदी थोडा फिरवा. ‘स’ मळकट झाला? दुसऱ्या बाजूला फिरवा. तो उजळत जाईल, एका जागी सुरीसारखा धारदार होईल, आणि पुढे पुन्हा मळेल. धारदार होतो तिथे थांबा. सगळा प्रवास बहुधा पाव फेऱ्याच्या आतच होतो. दुसऱ्या बाजूला हीच जुळवणी पुन्हा तपासा, कारण कवच वाकलं असेल तर दोन्ही बाजू वेगळ्या निघतात. डॉल्बी आहे की नाही हे ठरवायचं ते यानंतर. वाकड्या हेडवर डॉल्बी लावलं की मळकट आवाज आणखी मळतो. लेबलवर खूण नसेल तर डॉल्बी बंद ठेवून उतरवा.

डेकच्या ‘लाइन आउट’मधून इंटरफेसच्या ‘लाइन इन’मध्ये जोडा. माइकच्या इनपुटमध्ये लाइनचा सिग्नल घातला तर तो फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. गुणगुण येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. ती थांबली तर दोष दोन साधनांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या विजेचा आहे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. सर्वांत मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान ठेवा. २४ बिटमध्ये जागा भरपूर असते, काटा लाल रेषेपर्यंत नेण्याची जुनी सवय इथे सोडायची. मोनो फाइल तासाला सुमारे ५२० मेगाबाइट होते. म्हणजे २०० तास जेमतेम १०४ गिगाबाइटमध्ये बसतात. जागा वाचवायला एमपी३ करण्याचं काही कारण नाही. ती प्रत लोकांना पाठवायला वेगळी काढा.

खरखर काढण्याचा मोह मूळ फाइलवर नको. प्रत काढा, त्यावर पाच-सहा डेसिबलच उतरवा. जास्त केलं की माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटतं.

टेप वाजत असताना तिच्यापाशी बसावंच लागतं, तर वही उघडी ठेवा. तारीख, जागा, कोण बोलतंय, कितव्या मिनिटाला विषय बदलला, कुठली बोली. लेबलवर ‘मुलाखत २’ एवढंच असतं, आणि तो दुसरा आवाज कुणाचा हे सांगू शकणारा माणूस बहुतेक वेळा जगात एकटा तुम्हीच असता. फाइलच्या नावात तारीख १९९४-०८-१५ अशी, वर्ष आधी लिहा, म्हणजे यादी आपोआप काळाच्या क्रमानं लागते. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. वर्षातून एकदा कुठल्याही पाच फाइली उघडून ऐका. मूळ टेप फेकू नका. ती उभी, कोरड्या जागी, स्पीकरपासून लांब ठेवा.

घरातला माइक, आणि ‘आपला’ आवाज

पॉडकास्ट किंवा ऑडिओबुक करायचं ठरवल्यावर पहिल्या रेकॉर्डिंगला धक्का बसतो: आवाज बारीक, कोरडा, लाळेच्या चटचटीसकट. आवाज बिघडलेला नसतो. हवेत जाणाऱ्या आवाजाला केंद्राचा कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा) आणि लिमिटर (ठरलेल्या मर्यादेवर जाऊ न देणारा) सावरत होता, आणि एफएमवर १५ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं छाटलं जात होतं. मीडियम वेव्हवर तर त्याहून पुष्कळ खालीच. आता श्रोत्याच्या कानात हेडफोन आहे आणि मध्ये कुणीही नाही.

खोलीपासून सुरुवात करा. मध्यभागी उभं राहून जोरात टाळी वाजवा. मागून ‘टर्र’ असा धातूचा आवाज आला तर समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे फेकताहेत. बहुतेक जण समोरच्या भिंतीवर फोम चिकटवतात. पण एका दिशेचा माइक जिकडे तोंड करून असतो तिकडचं ऐकतो, म्हणजे तुमचा चेहरा आणि तुमच्या पाठीमागची भिंत. जाड गोधडी पाठीमागे, भिंतीपासून वीतभर पुढे टांगा. दोन-तीन सेंटिमीटरचा पातळ फोम फक्त वरचे सूर खातो, खालचे तसेच राहतात आणि आवाज डब्यातला येतो. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट पाठीशी असेल तर उत्तमच. टेबलावर दुमडलेलं जाड पांघरूण घाला, नाहीतर टेबलावरून परत आलेला आवाज मूळ आवाजात मिसळून त्याला पोकळ करतो.

डायनॅमिक माइक (कमी संवेदनशील) तोंडापासून पाच ते दहा सेंटिमीटर, कंडेन्सर (जास्त संवेदनशील) पंधरा ते वीस. माइक किंचित बाजूला, ३० ते ४५ अंशांत, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’चा वारा शेजारून निघून जातो. फार जवळ गेलं की खर्ज फुगतो. स्टुडिओत तो आवडायचा, तासाभराच्या पुस्तकात मात्र थकवतो. स्टुडिओत दिसणाऱ्या काही डायनॅमिक माइकना ६० डेसिबलपर्यंत गेन (आवाज वाढवण्याची ताकद) लागतो. साध्या इंटरफेसची ताकद तेवढी नसेल तर बटण पूर्ण फिरवल्यावर सूं-सूं वाढते. माइक घेण्याआधी इंटरफेसचा आकडा बघा.

रेकॉर्डिंगनंतर क्रम असा: ८० हर्ट्झखालचं कापा, मग ५ ते ८ किलोहर्ट्झमधला ‘स’ गरजेपुरता दाबा, मग कॉम्प्रेसर ३:१, जास्तीत जास्त चार-सहा डेसिबल उतरेल इतकाच, शेवटी लिमिटर उणे १ वर. पॉडकास्टची मोनो फाइल उणे १९ लफ्सच्या (कानाला जाणवणाऱ्या आवाजाच्या मापाच्या) आसपास ठेवतात, स्टिरिओ उणे १६. ऑडिओबुक घेणाऱ्या एसीएक्स या मंचाच्या अटी याहून वेगळ्या: सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबल, शिखर उणे ३ च्या वर नाही, आणि शांततेतला गोंगाट उणे ६० किंवा त्याहून खाली. घरातल्या रेकॉर्डिंगची दांडी बहुतेक वेळा या शेवटच्या अटीवर उडते. फ्रीज, पंखा, लॅपटॉपचा पंखा बंद करा आणि प्रत्येक बैठकीत तीस सेकंद रिकामी खोली रेकॉर्ड करा. ठिगळं लावायला तीच लागते.

वाचनाची ढबही बदलावी लागते. रेडिओचा श्रोता अर्ध्यातून येतो, म्हणून आपण नाव-गाव पुन्हा पुन्हा सांगतो, वाक्याच्या शेवटी हसरा उठाव देतो, शांतता पडू देत नाही. पुस्तकाचा श्रोता पहिल्या पानापासून सोबत असतो. तिथे थांबणं चालतं, हवंच असतं. तयार एका तासाला वाचन, दुरुस्ती, कापाकापी धरून सहा तास मोजा आणि पैसे त्याप्रमाणे मागा. आवाजाच्या कोणत्याही करारात एक कलम शोधा: या ध्वनिमुद्रणावरून कृत्रिम आवाज तयार करण्याची मुभा दिली आहे का. ती दिली असेल तर तेवढं खोडायला सांगा किंवा त्याचे वेगळे पैसे लावा.

गळा, झोप, कान

रोज चार तास बोलणारा गळा अचानक गप्प बसला की तोही व्यायाम सोडलेल्या पायासारखा ढिला पडतो. ग्लासात दोन-तीन सेंटिमीटर पाण्यात स्ट्रॉ बुडवून बुडबुडे काढत ‘ऊ’ म्हणा, खालून वर, वरून खाली, पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. घोगरेपणा तीन-चार आठवड्यांत गेला नाही तर घशाच्या डॉक्टरांना दाखवाच.

सकाळच्या सभेच्या (म्हणजे सकाळच्या प्रसारणाच्या) निवेदकाला पहाटे साडेतीनची जाग महिनोन्‌महिने सोडत नाही. एकदम उशिरा झोपून ती मोडत नाही. दर तीन दिवसांनी झोपायची आणि उठायची वेळ वीस मिनिटांनी पुढे न्या. दोन तास सरकवायला अठरा दिवस लागतात. संध्याकाळी उजेडात राहा, पहाटे जाग आली तरी दिवा आणि फोन लावू नका. दुपारची झोप वीस मिनिटांपुरती.

कानांचं मात्र तपासूनच घ्या. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास ही कामाच्या जागची रूढ मर्यादा आहे, आणि पुढच्या दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. अर्धं आयुष्य हेडफोन मोठा ठेवून काम केलेल्याच्या चाचणीत ४ किलोहर्ट्झपाशी खड्डा दिसणं नेहमीचं आहे. याचा थेट परिणाम एडिटिंगवर होतो: आपल्याला कमी ऐकू येतं म्हणून आपण वरचे सूर वाढवत जातो, आणि ऐकणाऱ्याच्या कानाला ‘स’ टोचतो. म्हणून एडिट झालेली फाइल तरुण कानांच्या माणसाला ऐकवा, आणि स्वतः स्पेक्ट्रोग्रामही (कोणता सूर किती आहे हे दाखवणारं चित्र) उघडा. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तो एका क्लिकवर मिळतो. अगदी तळाला, ५० किंवा ६० हर्ट्झपाशी, आडवी अखंड रेघ दिसली तर ती विजेची गुणगुण. तेवढ्यावर अरुंद फिल्टर लावा. रेघ दिसत नसेल तर तिथे हात लावू नका.